अवघड म्हणजे उंच नव्हे

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पुरवणीत बायकांनी कराओकेला गाण्यासारख्या भारी जपानी गाण्यांवर लेख आला तो वाचून फार आनंद झाला, मराठी पेपरात या विषयावर कुणीतरी लिहिलं हेच खूप. पण पूर्ण लेखात अवघड म्हणजे उंच, जितकी तार सप्तकातली किंकाळी मोठी तितकं गाणं भारी, असं धरून चाललेत आणि ते मला पटलं नाही. मी जपानमधे राहते, इथल्या कराओके बॉक्समधे (तासावर भाड्याने मिळणारी गाण्याची छोटी खोली) मैत्रिणींबरोबर गाते, एकटीनेही जाते (इथे त्याला हितोकारा म्हणतात, एकटं जायचं आणि मनसोक्त घासायचं), आणि ऐकणाऱ्याचा श्वास रोखला जातो तो बहुतेक वेळा वरच्या सुरावर नाहीच, तो दुसरीकडेच कुठेतरी.

आदो या तरुण जपानी गायिकेचंच घ्या. तिचं २०२० चं उस्सेवा सगळ्या मुलींना गायचं असतं, आणि सगळ्या ओरडतात. त्या गाण्यात ओरडणं सगळ्यात सोपं आहे हो! अवघड काय तर छातीचा आवाज, मधेच ती गुरगुर आणि लगेच पातळ खोटा आवाज (फॉल्सेटो), हे सगळं दोन-दोन ओळींत बदलायचं आणि बदललेलं मुद्दाम केलंय असं वाटलं पाहिजे, आवाज फाटला असं नाही. ती गुरगुर गळा आवळून काढली तर पुढचं गाणं गायला आवाजच उरत नाही. आणि वन पीस फिल्म रेड या अॅनिमे सिनेमातलं तिचंच शिंजिदाई, २०२२ चं, ते तर सुरूच ध्रुवपदाने होतं, म्हणजे गळा तापवायला एक ओळसुद्धा मिळत नाही. ते गाणं आल्या आल्या पहिलं लावायचं नाही, निदान तीन-चार गाण्यांनंतर.

दुसरा मुद्दा दमसासाचा, आणि तो लेखात आलाच नाही याचं खरंच वाईट वाटलं कारण आजच्या जपानी गाण्यांतली खरी मारामारी तीच आहे. २००७ साली हात्सुने मिकू नावाचं सॉफ्टवेअर आलं, त्यात शब्द आणि सूर भरले की कंप्युटरच गातो, आणि कंप्युटरला श्वास घ्यायला लागत नाही. मग पोरापोरींनी घरी बसून अशा चाली बांधल्या की ज्यात थांबायला जागाच नाही, मिकूच्या शोशित्सु या गाण्यासारखी गाणी तर इतकी फास्ट की शब्द नुसते वाचतानाही जीभ अडखळते. योआसोबी या जोडगोळीचा संगीतकार आयासे याच जगातून आलेला, आदोसुद्धा हीच गाणी गात गात पुढे आली. म्हणून योआसोबीचं योरु नी काकेरू असो की २०२३ चं आयदोरू, ऐकायला हलकंफुलकं, आणि गायला बसलं की दुसऱ्या कडव्यापर्यंत माणूस निळं पडतं. यावर उपाय एकच, गाणं गायच्या आधी शब्दांवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा करायच्या, कुठे चोरून घ्यायचा, कुठे पूर्ण, आणि त्या खुणा पाळायच्या. आयदोरूमधे तर मधे रॅप आहे, पट्टी बदलते, मूड बदलतो, एका गाण्यात तीन बायका गातायत असं वाटलं पाहिजे.

आता खर्ज. गायिका हिराहारा आयाकाचं २००३ चं जुपिटर, होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ऑर्केस्ट्रातल्या चालीवर बेतलेलं. सुरुवात इतकी खाली आहे की बऱ्याच बायकांचा आवाज तिथे नुसती हवा होतो, आणि खालची सोय म्हणून पट्टी वर घेतली की पुढे ध्रुवपद हाताबाहेर जातं. दोन्ही टोकं धरायची म्हणजे खालचे सूर रियाजात कमवावेच लागतात. २००४ च्या जपानातल्या निइगाता भागातल्या भूकंपानंतर तिथल्या रेडिओवर याच गाण्याची फर्माईश येत होती, आणि ते कळतं, कारण ते गाणं नीट गायलं की धीर देतं. मिसिया या गायिकेचं २००० सालचं एव्हरीथिंगही असंच, संथ, सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखं, आणि सगळा जोर पहिल्याच ध्रुवपदात संपवला तर शेवटी द्यायला काही शिल्लक राहत नाही. उतादा हिकारूचं फर्स्ट लव्ह लोक सोपं समजतात, ते सोपं नाही, पण त्यावर आधीच खूप लिहिलं गेलंय.

मला खरं बोलायचंय ते एन्काबद्दल, म्हणजे जपानच्या जुन्या वळणाच्या, विरह-दुःखाच्या भावगीतांबद्दल. लेखात एन्काचं एकही गाणं नाही! इशिकावा सायुरीचं आमागी-गोए, १९८६ चं, जपानमधे कुठल्याही वयाच्या बाईने ते नीट गायलं की खोलीतले मोबाईल खाली जातात, मी हे कितीदा पाहिलंय. त्यात इझू या जपानी द्वीपकल्पाच्या डोंगरातली वाट, जोरेनचा धबधबा, आणि प्रियकराला दुसरीच्या हाती जाऊ देण्यापेक्षा तुला मारूनच टाकू का असं विचारणारी बाई. गाण्याची सुरुवात कुजबुजीसारखी आहे, राग आत दाबलेला, आणि तो दाबलेला ऐकू यायला हवा, मग ध्रुवपदात डोंगर पेटतो. वरचा सूर आदोच्या गाण्यांपुढे काहीच नाही. पण तिथे लागतं ते कोबुशी, म्हणजे सुराला दिलेली ती बारीक वळणं, आणि आपल्याकडे थोडंफार शास्त्रीय शिकलेल्या मुलींना वाटतं की ही तर मुरकी, मला येते. तिथेच फसतात. आपण हौसेने जास्त वळणं घेतो, तिथे एका ओळीत एक किंवा दोनच, आणि बाकी सूर सरळ उभा. लांब सूर आधी स्थिर धरायचा आणि कंप शेवटी सोडायचा, सुरुवातीपासून हलवला की सगळी धार गेली. सायुरीबाई बरीच वर्षं एनएचके या सरकारी वाहिनीच्या ३१ डिसेंबरच्या कोहाकू या गाण्यांच्या कार्यक्रमात एका वर्षी हे आणि एका वर्षी १९७७ चं त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी असं आलटून पालटून गायच्या, ते ऐकलं तरी अर्धं शिक्षण होतं.

अजून एक, पट्टीचं. मूळ पट्टीतच गायलं तरच खरं, असं लेखात सुचवलंय आणि त्याने नुकसान होतं, मुली गळा बसेपर्यंत ताणतात. अहो आपल्याकडे गायिका स्टेजवर बसल्यावर आधी स्वतःची पट्टी सांगते, काळी चार की पांढरी पाच, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, मग इथे कशाला? १९७१ मधे कोबेत ज्या इनोउए दाइसुके यांनी कराओकेचं मशीन काढलं ते मुळात बारमधे गिऱ्हाइकाच्या गळ्याला जमेल अशी साथ करणारे वादक होते. रिमोटवर पट्टी वर-खाली करायची बटणं असतात ती वापरण्यासाठीच. मिसियाचं गाणं दोन सूर खाली घेऊन शेवटपर्यंत भरीव गायलं तर ते मूळ पट्टीत चिरकण्यापेक्षा हजार पटीने भारी. मार्क देणाऱ्या मशीनचंही तेच, ते सूर, लय, कंप, कोबुशी सगळं मोजतं आणि सरावाला फार उपयोगी आहे, स्क्रीनवर आपला सूर कुठे घसरला ते रेषेत दिसतं, पण आमागी-गोएतला दाबलेला राग त्याला मोजता येत नाही, तेव्हा नव्वदच्या वर आले म्हणून थांबू नका.

उच्चारांची भीती मात्र काढून टाका. पाचच स्वर आहेत, जोडाक्षरं जवळजवळ नाहीत, मराठी जिभेला सोपं जातं. फक्त स्वराशिवाय येणारा सुटा न वेगळा मोजायचा, त्याला बऱ्याचदा स्वतःचा सूर मिळतो, आणि दीर्घ स्वर आखूड करायचे नाहीत, नाहीतर पूर्ण ओळ तालातून निसटते. रोमन लिपीतले शब्द वाचून पाठ करणाऱ्यांचं हेच होतं. हिरागाना ही जपानी उच्चारलिपी शिका, थोड्या दिवसांत येते, आणि कराओकेच्या स्क्रीनवर कांजीच्या (चिनी चित्राक्षरांच्या) डोक्यावर बारीक हिरागाना दिलेलीच असते.

लेखाचा पुढचा भाग येणार असं लिहिलंय म्हणून विनंती करते की त्यात एन्काला निदान अर्धा कॉलम द्यावा आणि एन्काच्या थोर दिवंगत गायिका मिसोरा हिबारी यांचं मिदारेगामी नक्की घ्यावं. १९८७ चं आहे, मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांनी गायलेलं, आणि त्यातला वरचा सूर त्या जोर लावून नाही तर खोट्या आवाजात अलगद घेतात, एवढा हळू की कान द्यावा लागतो. ज्यांना उंच गायचंय त्यांनी आधी तो एक सूर तसा लावून बघावा, आणि लागला तर मला पण कळवा कसा लागला ते, मी अजून त्याच्याच मागे आहे.

आपली,
एक नियमित वाचक, जपान