बाबा, दुपारचं जेवण लांबवू नका

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "हो हो कळलं" म्हणून फोन आईकडे देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, आणि अर्ध्यात उठू देऊ नकोस त्यांना.

बाबा, तुमच्या ३०/७० च्या बाटलीत दोन प्रकारचं इन्सुलिन असतं, ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के सावकाश करणारं. सकाळच्या इंजेक्शनमधलं लवकरवालं नाश्ता सांभाळतं आणि सावकाशवालं दुपारी जोर धरतं, म्हणजे दुपारच्या जेवणाचं इन्सुलिन तुम्ही सकाळीच घेऊन बसलेले असता. ते काही परत काढता येत नाही. आणि मग तुम्ही दिंडोरीला बागेत जाता, छाटणीची माणसं आलेली असतात, हे एवढं झालं की निघतो म्हणत तीन वाजतात, आणि तोवर ते आपलं काम करतच असतं, पोटात काही असो नसो. मागे तुम्हाला बांधावर दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, सगळे म्हणाले ऊन लागलं. मला ती शुगरच उतरलेली वाटते. बागेत जायचं तर डबा घेऊन जा आणि वेळेवर खा, माणसं थांबतील पाच मिनिटं.

असं परत वाटलं तर लगेच शुगर तपासायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून कमीच असेल तर परत तेवढंच, आणि वर आली की पोळी-भाजी काहीतरी खायचं. मशीन जवळ नसेल तर वाट बघू नका, साखर घ्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. आई, ते शुद्धीवर नसतील किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, सरळ १०८ लाव.

संकष्टीचं पण बोलायचंच आहे. नेहमीसारखं सकाळचं इंजेक्शन, दुपारी नुसता चहा आणि चंद्रोदय होतो रात्री नऊच्या आसपास, हे या इन्सुलिनवर चालणारच नाही. आपल्या मनाने डोस कमी करायचा किंवा बंद करायचा हेही नको. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते नाही म्हणाले तर गणपती बाप्पा समजून घेईल, मला खात्री आहे.

आता सिरिंज. आपली बाटली ४० ची आहे, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट (१०० वाल्या सिरिंजच्या रेघा १०० युनिटच्या हिशेबाने असतात), तिला लाल टोपणाची, ४० लिहिलेलीच सिरिंज लागते. मागे मेडिकलमधून केशरी टोपणाची १०० वाली आली होती. तिच्यात २० च्या रेघेपर्यंत भरलं तर आपल्या बाटलीतलं फक्त ८ युनिट जातं. मग शुगर वाढते, डॉक्टरांना वाटतं डोस पुरत नाही, ते वाढवतात, आणि पुढच्या वेळी बरोबर सिरिंज आली की एकदम जास्त जातं. म्हणून दुकानातच टोपण बघायचं, वरचा आकडा वाचायचा, नसेल तर परत द्यायची, लाजायचं नाही.

आई, बाटली ठेवून दिली की तळाशी पांढरं बसतं ना, तेच ते सावकाशवालं. तळहातात दहा वेळा हळू फिरव, मग दहा वेळा उलटसुलट कर, सगळं एकसारखं दुधासारखं दिसलं की मगच भर. जोरात हलवायचं नाही, फेस होतो. गुठळ्या दिसल्या किंवा काचेला पांढरं चिकटून राहिलं तर ती बाटली टाकून द्यायची. आणि आपलं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, शेजारच्या काकांचं पेनमधलं वेगळ्या प्रकारचं आहे, ते घेऊन लगेच जेवतात, त्यांचं बघून वेळ बदलू नका.

पोटावर बेंबीच्या डावीकडे गाठ आलीय ना बाबा, ती रोज तिथेच टोचून आलीय. गाठीत इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, कधी कमी कधी जास्त. ती जागा सध्या सोडा, दुखत नाही म्हणून तिथेच घ्यायचा मोह होतो तरी. उजवी बाजू, मांड्या, आणि प्रत्येक वेळी आधीच्या जागेपासून दोन बोटं सरकून.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरच्या जवळपास पण नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. एप्रिल-मेच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत बाटली ठेवून फिरणं बंद.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा उपासाचं, बागेतल्या त्या घामाचं आणि गाठीचं तिन्ही सांगा, रीडिंगची वही घेऊन जा. गाठ सोडून नव्या जागी घ्यायला लागलात की तोच डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून हे आजच फोन करून त्यांना विचारून घ्या, आणि सुरुवातीला शुगर जास्त वेळा तपासा. लाल टोपणाच्या सिरिंज आणि ग्लुकोजची पाकिटं मी कुरिअरने पाठवतेय, एक पाकीट बागेच्या पिशवीत कायमचं ठेवा.

तुमची,
छोटी