उद्यमनगरातल्या टर्नरमामांना, एका म्हाताऱ्या पिस्तुलाबद्दल

टर्नरमामा, सप्रेम नमस्कार.

पिस्तुलाच्या दुरुस्तीची मजुरी विचारली तेव्हा तुम्ही ‘दीडशे द्या’ म्हणालात आणि परत लेथकडे वळलात. मी आभार मानायला तोंड उघडलं, पण मशीनच्या आवाजात तुम्हाला ते ऐकू गेलं नसणार. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

२०२४ साली आपल्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य घेतलं आणि कोल्हापुरात नेमबाजी शिकायला येणाऱ्या पोरांची रांग लागली. पोरं वाढली, पिस्तुलं तेवढीच. सिलिंडरमध्ये हवा भरायचं, स्पर्धेचं नवं पिस्तूल लाखाच्या वर जातं. आमच्या क्लबच्या कपाटात मात्र एक जुनं एअर पिस्तूल, फाइनवेर्कबाऊ ६५, धूळ खात पडलं होतं. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फचं, १९६५ साली आलेलं मॉडेल. बाजूचा दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाते, बास. ना सिलिंडर, ना पंप.

ते घेऊन आलो तेव्हा तुम्ही आधी विचारलंत, ‘लायसन हाय का?’ मी २०१६ चे शस्त्र नियम सांगितले: नळी साडेचार मिलिमीटरची आणि छऱ्याचा जोर २० ज्यूलच्या आतला असेल तर परवाना लागत नाही, आणि हे जेमतेम ५ ज्यूलचं. तुम्ही ते कागदावर बघितल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाहीत. मला तेव्हाच बरं वाटलं होतं.

उघडल्यावर आत जे निघालं ते बघून तुम्ही हसलात. ग्रीसचा गूळ झाला होता, अगदी ढेप. या पिस्तुलाची करामत अशी की गोळी सुटताना वरचा सगळा भाग रुळांवर मागे सरकतो आणि झटका हातापर्यंत पोहोचत नाही. रूळच चिकटल्यावर कसला सरकतोय! त्यात आधीच्या एका दुरुस्तीवाल्यानं पिस्टनच्या नळीत शिलाई मशीनचं तेल ओतलेलं. दाबानं हवा तापते, तेल पेट घेतं, म्हणून ते फटाक्यासारखं वाजायचं आणि धूर सोडायचं. आम्हाला वाटायचं, काय जोर आहे! पिस्टनजवळच्या वायसरचा भुगा झाला होता, बॅरलमागचं रबर दगडासारखं. जेसीबीचे सील करता त्याच पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) दांड्यातून तुम्ही नवीन वायसर काढलंत. तीनदा. पहिली दोन माझ्या डोळ्यांना चांगली दिसत होती, तुमच्या मायक्रोमीटरला नव्हती.

पण मामा, मला आभार मानायचे आहेत ते तुम्ही जे केलं नाहीत त्याचे.

मी म्हणालो, स्प्रिंग जरा कडक टाका. तुम्ही म्हणालात, ‘कागद तर फाडायचाय, म्हैस न्हाई मारायची. जोर नगं, दर येळी सारखं बसलं पायजे.’ मी म्हणालो, बफ मारून चकचकीत करा. तुम्ही मुठीजवळ घासून पांढरं पडलेल्या लोखंडावरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात की बफनं कडा गोल होतील, नंबर पुसट होईल. नुसतं तेलाचं फडकं मारून दिलंत. ट्रिगरवर तर तुम्ही रागावलातच. कानस मारून हलका करा, असं मी सुचवलं होतं. वरचा कडक थर पातळ असतो, तो गेला की आतलं मऊ लोखंड झिजायला लागतं आणि पिस्तूल कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही, हे तुम्ही पोराला समजावावं तसं मला समजावलंत. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे.

स्पर्धेच्या नियमात एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा लागतो. तुम्ही समोरच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचं वजन मागवलंत, तारेच्या हुकानं ट्रिगरला लटकवलंत आणि नळी आभाळाकडे धरून हळूच उचललंत. सुटलं. स्क्रू पाव फेरा. पुन्हा. वजन लटकून राहीपर्यंत तासभर तेच चाललं होतं आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

मुठीची चीर आमच्या सुतारानं सांधली, तिचं विशेष काही नाही.

पहिल्या दिवशी दहा मीटरवर पिस्तूल टेकवून पाच छर्रे मारले. पाचही मिळून हरभऱ्याएवढं एकच भोक. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, त्याच्या आत सगळं. आता आठवीतली एक मुलगी त्यावर शिकते आहे. दांडा ओढताना दात-ओठ खाते, पण दुसऱ्या पिस्तुलाला हात लावत नाही. तिच्या पहिल्या दहाचा कागद सोबत पाठवतोय, लेथजवळच्या खिळ्याला अडकवा.

आणि हो, वाण्याचं ते वजन अजून क्लबातच राहिलंय. तो तुम्हाला विचारत असेल. रविवारी आणून देतो.

तुमचा,
पिस्तूलवाला गिऱ्हाईक