बीडीडीची एक तरी चाळ अखंड ठेवा : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचा पुनर्विकास सुरू असून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या संसार रेटलेल्या या माणसांना ही घरे खरे तर फार आधी मिळायला हवी होती, त्यामुळे पुनर्विकास एक दिवसही लांबावा अशी माझी इच्छा नाही. मागणे एवढेच की, या चाळींपैकी एक इमारत जोत्यापासून गच्चीपर्यंत, आहे त्या जागी, शासनाने राखून ठेवावी.

गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० साली मुंबई विकास विभाग, म्हणजेच बीडीडी, स्थापन झाला. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीमागे एक रुपया कर घ्यायचा, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला (आताचा ना. म. जोशी मार्ग) ३२ आणि शिवडीला १२ अशा २०७ चाळी उभ्या राहिल्या आणि खोल्यांची संख्या साडेसोळा हजारांच्या आसपासच थांबली. याच विभागाने याच दशकात बॅकबेचा, म्हणजे दक्षिण मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावरील समुद्राचा, भराव हाती घेतला होता. त्या भरावावर पुढे उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, याचा प्रत्येक मुंबईकराप्रमाणे मलाही अभिमान वाटतो. पण एकाच कार्यालयाने आखलेल्या दोन कामांपैकी समुद्राकाठचे काम वारसा ठरावे आणि गिरण्यांच्या सावलीतले काम राडारोड्यात जावे, हे मनाला पटत नाही.

या चाळी देखण्या नाहीत, हा आक्षेप आपल्यापुढे येईलच. तो खराही आहे. जुन्या खासगी चाळींत खोल्यांपुढे उघडी गॅलरी असते आणि उजेड, वारा, शेजार, भांडण सगळे तिथूनच आत येते. बीडीडीच्या चाळीत मात्र मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दहा-दहा खोल्या, मजल्यावर सामाईक संडास, असे चार मजले आणि एकूण ऐंशी खोल्या असतात. भर दुपारी त्या बोळात शिरले तरी डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. कामगाराला किती जागा, किती उजेड आणि किती खासगीपण पुरेसे आहे, याचे त्या काळच्या सरकारने मांडलेले गणित ही इमारत जसे सांगते, तसे कोणतेही दप्तर सांगू शकणार नाही. शिवाय सिमेंट-काँक्रीटमध्ये एकाच साच्याची घरे इतक्या मोठ्या संख्येने बांधण्याचा हा देशातील अगदी सुरुवातीचा प्रयोग असल्याने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही तो पाहायला हवा.

आणि मग त्या खोलीचे माणसांनी काय केले, तेही पाहावे. उंचीचा फायदा घेऊन घातलेला पोटमाळा आणि त्यावर चढणारी उभी शिडी, खाली ओटा, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर भांड्यांची मांडणी, दिवसा गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या : एका खोलीची दोन मजली घरे रहिवाशांनी स्वतःच केली. कोकणातून आणि घाटावरून आलेले एकाच गावचे गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपत. रातपाळीचा परतला की दिवसपाळीचा उठून गेलेला असे. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांचा इतिहास तर आपण अजून नीट लिहिलेलाच नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग झाला होता. १९७४ ची वरळीची दंगल आणि दलित पँथरचा लढा याच चाळींत घडला. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप लांबत गेला तेव्हा गिरणगावातल्या इतर घरांप्रमाणे इथल्या चुलीही थंडावल्या.

एखादी चाळ संग्रहालय म्हणून जपण्याची चर्चा अधूनमधून कानावर येते, पण ती नव्या टॉवरच्या तळमजल्यावरील दालनात छायाचित्रे टांगून संपू नये. न्यूयॉर्कमध्ये ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या पत्त्यावरील स्थलांतरितांची भाड्याची इमारत जिथल्या तिथे संग्रहालय म्हणून उभी आहे. हाँगकाँगने १९५४ ची मेई हो हाउस ही निर्वासितांसाठी बांधलेली वसाहत-इमारत राखून तिथे वसतिगृह आणि संग्रहालय सुरू केले. आपल्याकडेही राखलेल्या चाळीतील काही खोल्या वेगवेगळ्या दशकांप्रमाणे लावाव्यात, उरलेल्या खोल्यांत अभ्यासिका, लोककलांच्या तालमी आणि गिरणी कामगारांच्या कागदपत्रांचे दप्तर असावे आणि तिच्या कारभारात जुन्या रहिवाशांना हक्काची जागा मिळावी. बोळ मात्र पाडून मोठा करू नये. तो अंधारा आहे, तसाच राहू द्यावा.

इमारत कोणती राखायची यावर एकमत व्हायला वेळ लागेल, हे मी समजू शकतो. नोंदणीचे काम मात्र आजच सुरू करता येईल. प्रत्येक वसाहतीतील निदान एका चाळीचे मोजमापासह नकाशे काढावेत, वृद्ध रहिवाशांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि स्थलांतराच्या वेळी भंगारात निघणाऱ्या मांडण्या, शिड्या, पाळण्याच्या कड्या, मंडळांचे फलक, भाडेपावत्या रहिवाशांच्या संमतीने जमा कराव्यात. त्यासाठी वास्तुरचना महाविद्यालयांचे विद्यार्थी आनंदाने पुढे येतील. आपल्या विभागाने म्हाडाशी बोलून याबाबत काय ठरवले, ते पुढील चाळीवर हातोडा पडण्याआधी शासन निर्णयाद्वारे जाहीर करावे, ही आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
मुंबईचा एक नागरिक