सिग्नलवरच्या पोरांबद्दल

प्रिय अभ्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, सिग्नलवरच्या पोरांना पैसे देणं बंद केलंय आणि त्यांच्या आईबापांनाच आत टाकलं पाहिजे, तेव्हा ऑफिसात होतो म्हणून नीट बोलता आलं नाही. पण ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

पैसे देत नाहीस ते बरोबरच. पोर जितकं जास्त कमावतं तितकं त्याचं तिथून हलणं अवघड होतं. पण आईबापांना आत टाकायचं हे मला अजिबात पटलं नाही. आपल्याला वाटतं ही पोरं अनाथ नाहीतर पळवून आणलेली, तशीही असतात, पण इथे ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली जी दिसतात ती आईबाप, आजी, भावंडं अशी सगळ्या कुटुंबासकट राहतात. बरीचशी पारधी, मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेली. तिकडे जमीन नाही, काम नाही, आणि गावात चोरी झाली की पोलीस आधी यांच्याच पालावर येणार. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, १९५२ ला तो कायदा गेला, लोकांच्या मनातून मात्र नाही गेला रे.

मागे एकदा पुलाच्या खांबाला दीड-दोन वर्षांचं पोरगं बांधलेलं दिसलं. कमरेला साडीची चिंधी. एक गाडीवाला मोबाईलवर शूट करत होता, कसली आई आहे म्हणत. आई तिथेच दहा पावलांवर गजरे ओवत बसलेली, दोन्ही हात दोऱ्यात आणि दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट. चिंधी तिने एवढीच लांब ठेवली होती की पोरगं रांगेल, पण रस्त्यापर्यंत पोचणार नाही. कंबर काचू नये म्हणून आत मऊ फडकं कोंबलेलं. तिला लावायला दार नाही अभ्या, पोर ठेवायला पाळणाघर नाही, मग तिने काय करायचं? तिला आत टाकून त्या पोराचं काय भलं होणार सांग मला.

आणि मोठ्या मुलींचं तर बोलूच नको. संडासला जायचे प्रत्येक वेळी पैसे पडतात म्हणून पाणीच कमी पितात, भर उन्हात. याचा राग येतो मला, खरंच येतो.

याच पुलाखाली २०१६ ला सिग्नल शाळा सुरू झाली, समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिकेने मिळून, जहाजाच्या मालाच्या कंटेनरमध्ये वर्ग. पोरं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळाच त्यांच्याजवळ नेली, आधी आंघोळ, खाणं, मग अभ्यास. २०१९ ला तिथली दोन पोरं दहावी पास झाली. सिग्नलवर वाढलेली पोरं, दहावी! मला हे फार मोठं वाटतं.

पण पुढे कागद आडवे येतात. पारधी आपल्याकडे अनुसूचित जमातीत, जातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधी कुटुंब महाराष्ट्रातच राहत होतं याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजे-पणजे पालं टाकत फिरले, ज्यांच्या पोरांचा जन्म फुटपाथवर झाला, त्यांनी कुठला कागद आणायचा? दाखला नाही म्हणून स्कॉलरशिप नाही, हॉस्टेल नाही, आणि पोर परत सिग्नलवर.

एकटं सापडलेलं पोर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तू रोज कल्याणवरून जातोस म्हणून मुद्दाम सांगतो. प्लॅटफॉर्मवर एखादं पोर एकटं, भेदरलेलं, बॅग धरून बसलेलं दिसलं तर बिस्किटचा पुडा देऊन पुढे जाऊ नकोस, १०९८ लाव, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे ती. फुकट आहे, रात्री पण लागतो, १९९६ पासून चालू आहे. नाहीतर रेल्वे पोलिसांना सांग. कायद्याने त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. फोन झाल्यावर माणूस येईपर्यंत तिथेच थांब, गाडी चुकली तर चुकू दे, कारण अशा पोराला हेरणारे स्टेशनवर फिरतच असतात आणि एकदा नशेसाठी व्हाइटनर-सोल्युशन हुंगायला लागलं की त्याला परत आणणं महाकठीण.

वहिनी तहसील कचेरीत आहेत ना? दाखल्यासाठी गृहचौकशी करून जागेवर पंचनामा वगैरे काही करता येतं का, तेवढं त्यांना विचारून कळव. दोन-तीन कुटुंबांचे अर्ज भरायला मी बसणार आहे, लवकर कळलं तर बरं होईल.

तुझा,
मह्या