पोहण्याच्या तलावाआधीची टाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या प्रवास पुरवणीत ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरच्या आलिशान व्हिलांबद्दल लेख होता. समुद्राकडे तोंड असलेला स्वतंत्र पोहण्याचा तलाव असेल असाच व्हिला घ्यावा, हा त्यातला सल्ला वाचला आणि राहवलं नाही. मी माण-खटाव भागात सव्वीस वर्षं पाणीपुरवठ्याचं काम केलं. मे २०२४ मध्ये लेकीने आम्हा दोघांना याच बेटावर, इमेरोविग्ली गावातल्या अशाच एका व्हिलामध्ये चार रात्री नेऊन ठेवलं होतं. दृश्याबद्दल लेखात लिहिलंय त्यात काहीही वाढवून सांगितलेलं नाही. कड्याच्या ऐन काठावर घर, तीनशे मीटर खाली समुद्र आणि मधोमध नेआ कामेनीचा काळाकुट्ट ज्वालामुखी. पहिल्या संध्याकाळी आम्ही कुणी बोललोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी घर सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितलं, की आमच्या खोलीमागे कमानीखाली जो गरम पाण्याचा हौद केला आहे, ती पूर्वी या घराची स्टेर्ना होती. स्टेर्ना म्हणजे पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. आपल्या गडांवर कातळात कोरलेली टाकी असतात, त्याच जातीची. या बेटावर बारमाही नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो हिवाळ्यात, आणि तोही आमच्या माणदेशापेक्षा कमी. म्हणून छत, अंगण, पायऱ्या सगळ्यांचा उतार टाकीकडे. छतावरचा पांढरा चुना आज फोटोत शोभतो, पण साठवायचं पाणी स्वच्छ राहावं हाही त्याचा उपयोग होता.

आणि ही घरं मुळात श्रीमंतांची नव्हतीच. ज्वालामुखीच्या राखेच्या थरात कोरलेल्या या गुहा खलाशांच्या आणि गरिबांच्या; जहाजांचे कप्तान वर, माथ्यावरच्या मोठ्या घरांत राहत. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात पन्नासहून अधिक माणसं गेली, पुष्कळ कुटुंबांनी बेट सोडलं, घरं ओस पडली. सत्तरच्या दशकात ग्रीक पर्यटन संस्थेने इया गावातली काही घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली. ते काम चांगलं झालं, नाहीतर ती ढासळलीच असती. तलाव नंतर आले.

अक्रोतिरीचं उत्खनन लेखात एका ओळीत उरकलं आहे, याचंही वाईट वाटलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरात रस्त्याच्या फरसबंदीखालून गटारं आहेत आणि वरच्या मजल्यावरचं शौचालय त्यांना जोडलेलं आहे. मी तिथून हललोच नाही. घरची मंडळी पुढे निघून गेली.

आमच्या व्हिलाबाहेरचा तलाव मी मोजला. सात मीटर लांब, तीन मीटर रुंद, १.२ मीटर खोल. म्हणजे २५ हजार लिटर, बारा हजार लिटरचे दोन टँकर. जल जीवन मिशनचा दरडोई ५५ लिटरचा निकष लावला, तर साडेचारशे माणसांचं एका दिवसाचं पाणी. चार दिवसांत नातू त्यात एकदा उतरला, वीस मिनिटं. हे पाणी रोज बदलत नाहीत, ते मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा कोरडा वारा रोज पातळी खाली नेतो आणि ती भरून काढावी लागते. नेमके तेच महिने गर्दीचे, आणि बेटाची स्वतःची वस्ती पंधरा-सोळा हजार. पाणी मुख्यतः समुद्राचं गोडं करून पुरवतात. त्याला वीज लागते आणि मागे उरलेलं जास्तीच खारं पाणी पुन्हा कुठेतरी सोडावं लागतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे भूकंपाचे हजारो धक्के बसले, दहा हजारांवर लोक बेट सोडून गेले. तेव्हा प्रशासनाने दिलेल्या सूचनांत एक होती: तलाव रिकामे करा. कड्यावरच्या इमारतींना त्या पाण्याच्या वजनाचा धोका होता. आमच्या त्या एका तलावातच पंचवीस टन पाणी होतं.

बेटावर जाऊ नका, असं मी म्हणत नाही. पत्नीला तिथे झालेला आनंद मी जन्मभर विसरणार नाही. पण तलाव नसलेली घरंही त्याच कड्यावर आहेत, समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो. पुण्या-मुंबईहून आता पुष्कळ लोक तिथे जातात आणि त्यातले कितीतरी आपली पुरवणी वाचून जागा ठरवत असतील. पुढच्या वेळी पाण्यावर चार ओळी आणि एखाद्या चालू स्टेर्नाचा फोटो छापावा, ही कळकळीची विनंती. घर सांभाळणाऱ्या त्या बाईंच्या स्वतःच्या घरातली अजून चालू आहे. पावसाआधी त्या छताला चुना काढतात, पहिलं पाणी वाहून जाऊ देतात आणि मग टाकीचं तोंड उघडतात.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, सातारा