काळ्या टॅगवरून झालेले भांडण

प्रिय मैत्रिणीस,

सप्रेम नमस्कार.

तुझी दोन पत्रे उत्तरावाचून पडून आहेत, याची मला लाज वाटते. पण परवा जे घडले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगू? प्रकृती ठीक आहे, पाठ दुखते ती जुनीच.

परवा आमच्याकडे भूकंपाची मॉक ड्रिल झाली आणि दारावरचा ट्रायाज, म्हणजे जखमींना तातडीनुसार रंगीत टॅग बांधण्याचे काम, माझ्याकडे होता. नियम तर आपल्याला झोपेतही म्हणता येतात: चालणाऱ्याला हिरवा, श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, तर लाल, श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळा, म्हणजे त्याला सोडून पुढे जायचे. प्रत्येकामागे फार तर एक मिनिट. तिसरी 'जखमी' होती प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, गळ्यातल्या कार्डावर 'श्वास नाही' असे लिहिलेली. मी तिचा जबडा पुढे घेतला. निरीक्षकांनी कार्ड उलटले, मागेही तेच. टॅग माझ्या हातात होता, दोराही सोडवलेला होता, पण तो तिच्या मनगटाला बांधवेना. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले, तब्बल चार मिनिटे. तेवढ्यात माझ्या मागे मांडीतून 'रक्तस्राव' होणारा वॉर्डबॉय, ज्याला फक्त टूर्निके, म्हणजे रक्त थांबवणारा पट्टा, आवळायला हवे होते, उठून म्हणाला, "सिस्टर, मी आत्ताच गेलो." सगळे हसले. मला हसता आले नाही.

वसतिगृहात याच काळ्या टॅगवरून आपण दोन दिवस अबोला धरला होता, आठवते? मी त्याला निर्दयपणा म्हटले होते. तू म्हणाली होतीस की दुसऱ्या फेरीत टॅग बदलताही येतो, पण त्या फेरीपर्यंत पोहोचायला पहिली फेरी संपवावी लागते. मेट्रनबाईंनी मध्यस्थी केली, तरी मी माझे म्हणणे सोडले नाही. आज सोडते.

ड्रिलमध्ये इतरही उणिवा निघाल्या: आपत्कालीन साठ्याची किल्ली एकाच माणसाकडे, तो रजेवर, जनरेटर तळघरात, जिथे पुराचे पाणी सर्वांत आधी शिरते. या गोष्टी दुरुस्त होतील, मी पाठपुरावा करते आहे. बचाव पथकाच्या जवानांना मी सांगितले की ढिगाऱ्याखाली तासन् तास दबलेला पाय मोकळा करण्याआधी आम्हाला सलाइन लावू द्या, नाहीतर चिरडलेल्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तात उतरते आणि बोलता बोलता माणसाचे हृदय थांबते. त्यांनी ते मन लावून ऐकले. परंतु २००१ मध्ये भुजचे रुग्णालयच कोसळले, तेव्हा तिथल्या परिचारिकांनी ओळखीच्या चेहऱ्यांमधूनच निवड कशी केली असेल, हा विचार मला झोपू देत नाही. माझ्यासमोर तर ठणठणीत मुलगी होती, आणि तरीही माझा हात थबकला.

तुझी बदली झाली हे कळले, अभिनंदन. धाकट्याला परीक्षेसाठी माझे आशीर्वाद सांग.

त्या पुरानंतर तू मला एवढेच लिहिले होतेस, "तीन काळे बांधले." मी पुढे काहीच विचारले नाही, ही माझी चूक झाली. आता विचारते: पहिला बांधल्यावर दुसऱ्या स्ट्रेचरपर्यंत तू कशी चालत गेलीस? पुढच्या महिन्यात आमची ड्रिल पुन्हा आहे. त्याआधी सविस्तर लिही, किंवा रजा मिळाली तर ये आणि त्या दिवशी माझ्या शेजारी उभी राहा.

तुझीच,
वसतिगृहातली शेजारीण