रंकाळबेटाचा राहिलेला इतिहास

कोल्हापूर

काय सुन्या,

परवा माळा आवरताना आपली सातवीतली दोनशे पानी वही घावली लगा! तीच, मागच्या पानांवर रंकाळबेटाचा इतिहास लिहिलेली. लांब समुद्रात बेट, तिथं गोऱ्यांची वसाहत, मग लढाई, मग आपला देश, तू गव्हर्नरला पळवून लावलास, मी राष्ट्रपती झालो आणि झेंड्यावर मधोमध तू ऊस काढलायस, दुसरं काय सुचणार म्हणा आपल्याला. सेनापती तर सात, सगळे आपल्याच गल्लीतले.

हसून झालं आणि मग एक गोष्ट टोचली बघ. अख्ख्या बेटावर ऊस, पण तोडतंय कोण? वहीत त्याचा एक पण माणूस नाही. आणि त्याच वर्षी आपण मामाच्या गुऱ्हाळावर काहिलीजवळ बसून गरम काकवी चाटत होतो, समोरच्या फडात बीडकडची टोळी, अंधारातच कोयता सुरू, पोरगं पाचटावर झोपवलेलं. बघत होतो की रे रोज.

सध्या मॉरिशसचं वाचतोय, म्हणून हे डोक्यात आलं असेल. डच 1638 ला तिथं राहायला आले, ऊस त्यांनीच नेला, 1710 ला गेले सोडून. मग फ्रेंच, मग 1810 ला इंग्रज. इथपर्यंत आपल्या वहीसारखंच, नुसते झेंडे बदलतायत. खरी गोष्ट पुढं आहे. 1835 ला गुलामगिरी बंद झाली, आता मळ्यात राबणार कोण, म्हणून हिंदुस्थानातनं माणसं करारावर न्यायला लागले. साडेचार लाखांच्या आसपास गेली. कलकत्ता, मद्रास, आणि आपल्या मुंबईहून पण, त्यात रत्नागिरीकडची बरीच. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे! माणसाला नंबर. पोर्ट लुईला जिथं उतरवायचे तिथं सोळा पायऱ्या आहेत दगडी, त्याला आप्रवासी घाट म्हणतात. घाट म्हटल्यावर मला आपला पंचगंगेचाच दिसायला लागला, तिथं निदान वर चढलं की घर असतं.

12 मार्च 1968 ला स्वातंत्र्य मिळालं, पहिले पंतप्रधान सिवसागर रामगुलाम, त्यांचे वडील असेच बिहारमधनं मळ्यात कामाला गेलेले. आज तिथं गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, बोल आता!

वहीत शेवटची चार पानं कोरी आहेत. टोळी कुठनं आली, किती उचल घेऊन आली, ते मी लिहितो. पायऱ्या तू काढ, माझा हात अजून तसलाच आहे, मी काढलेला घोडा आठवतोय ना? दिवाळीला येशील तेव्हा पेन्सिल घेऊन ये. मामाचं गुऱ्हाळ बंद पडलंय, पण काकवी बघतो कुठनंतरी.

तुझा,
राष्ट्रपती